शिक्षेचा खर्च आणि शिक्षणाचा वाटा : कॅलिफोर्नियाच्या अर्थसंकल्पाचे एक प्रकरण

६ जानेवारी २०१० रोजी कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर अरनॉल्ड श्वार्झनेगर यांनी सॅक्रामेंटो येथे विधिमंडळापुढे राज्याच्या स्थितीविषयीचे वार्षिक भाषण केले आणि त्यात दोन जुन्या व दोन नव्या आकड्यांची तुलना मांडली. तीस वर्षांपूर्वी राज्याच्या सर्वसाधारण निधीतील, म्हणजे मुख्य तिजोरीतील, १० टक्के रक्कम उच्च शिक्षणाकडे आणि ३ टक्के तुरुंगांकडे जात असे; आता जवळपास ११ टक्के तुरुंगांकडे आणि अवघी साडेसात टक्के उच्च शिक्षणाकडे जाते, असे त्यांनी सांगितले. यावर उपाय म्हणून त्यांनी राज्यघटनेतच दुरुस्ती सुचवली. उच्च शिक्षणाचा वाटा १० टक्क्यांच्या खाली जाऊ नये आणि तुरुंगांचा वाटा ७ टक्क्यांच्या वर जाऊ नये, अशी ती तरतूद होती. ही दुरुस्ती मतदारांपर्यंत कधी पोहोचलीच नाही.

तरीही हे प्रकरण बारकाईने पाहण्यासारखे आहे, कारण गुन्हेगारीवरील खर्च आणि उच्च शिक्षणाचा खर्च यांचा तोल सरकार नेमके कुठे ठरवते, हे त्यातून इतके स्पष्ट दिसते की दुसऱ्या कुठल्या उदाहरणात क्वचितच दिसावे. माझे मत असे आहे की तुरुंग आणि विद्यापीठ यांच्यातली स्पर्धा अर्थसंकल्पाच्या चर्चेत होतच नाही. ती अनेक वर्षे आधी, दंडसंहितेत आणि राज्यघटनेत निकाली निघालेली असते. अर्थसंकल्पाकडे केवळ तिचे बिल चुकते करण्याचे काम उरते.

गव्हर्नरांच्या आकड्यांकडे प्रथम नीट पाहिले पाहिजे. तुरुंगांचा वाटा जवळपास ८ टक्केबिंदूंनी वाढला आणि उच्च शिक्षणाचा अडीच टक्केबिंदूंनी घटला. म्हणजे तुरुंगांना मिळालेला प्रत्येक जादा डॉलर विद्यापीठाच्या खिशातून आला, असे म्हणता येत नाही. त्याच तीस वर्षांत गरिबांच्या वैद्यकीय मदतीचा खर्च वाढला, शालेय शिक्षणाच्या निधीची रचना बदलली आणि कराच्या महसुलाचे स्वरूपही पालटले. ‘तुरुंग विरुद्ध विद्यापीठ’ ही घोषणा सभेत परिणामकारक ठरते, पण तिच्यावर विसंबून उपाय शोधला की तो चुकीच्या जागी शोधला जातो.

एका घरातील दोन सह्या

१९६० साली गव्हर्नर पॅट ब्राउन यांनी उच्च शिक्षणाच्या मास्टर प्लॅनला कायद्याचे रूप देणाऱ्या विधेयकावर सही केली. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे तत्कालीन अध्यक्ष क्लार्क केर हे त्या योजनेचे प्रमुख शिल्पकार होते. शालान्त विद्यार्थ्यांपैकी वरच्या एक अष्टमांशाला कॅलिफोर्निया विद्यापीठात, वरच्या एक तृतीयांशाला राज्य महाविद्यालयांत (हीच पुढे ‘राज्य विद्यापीठ’ झाली) आणि उरलेल्या कोणालाही दोन वर्षांच्या समुदाय महाविद्यालयांत प्रवेश मिळावा, आणि राज्यातील रहिवाशाकडून शिकवण्याचे शुल्क घेतले जाऊ नये, अशी तिची कल्पना होती. लोकसंख्या झपाट्याने वाढणाऱ्या राज्याने आपल्या पुढच्या पिढीला दिलेले ते वचन होते. या वचनाला मात्र निधीची कोणतीही घटनात्मक हमी जोडलेली नव्हती, आणि पुढचे सगळे त्या उणिवेतून घडले.

१९७६ साली पॅट ब्राउन यांचे पुत्र जेरी ब्राउन गव्हर्नर होते. त्यांनी निश्चित मुदतीच्या शिक्षेच्या कायद्यावर सही केली आणि तो पुढच्या वर्षी अमलात आला. त्याआधी सुमारे साठ वर्षे कॅलिफोर्नियात न्यायाधीश लवचीक मुदतीची शिक्षा देत आणि कैद्याला प्रत्यक्ष केव्हा सोडायचे हे पॅरोल मंडळ ठरवत असे. ही पद्धत मनमानी होती, वंशभेदाला वाव देणारी होती आणि सुधारणावादीही तिच्यावर नाराज होते. त्यामुळे नव्या कायद्यामागील हेतू वाईट होता असे कोणी म्हणू नये. पण जुन्या पद्धतीत एक झडप होती. तुरुंग भरू लागले की मंडळ सुटकेचा वेग वाढवू शके. नव्या कायद्याने बहुतेक गुन्ह्यांपुरती ती झडप बंद केली आणि शिक्षेची मुदत विधिमंडळाच्या हाती दिली. तुरुंगवासाचा उद्देश शिक्षा करणे हा आहे, असे दंडसंहितेत लिहिले गेले. त्यानंतर प्रत्येक अधिवेशनात कुठल्या ना कुठल्या गुन्ह्याची मुदत वाढवणारे विधेयक येत राहिले, आणि अशा विधेयकाला विरोध करणे कोणत्याही पक्षाच्या आमदाराला परवडण्यासारखे नव्हते.

१९८० च्या सुमारास राज्याच्या तुरुंगांत २४,००० च्या आसपास कैदी होते. २००६ मध्ये ही संख्या १,७३,००० वर गेली.

ज्या पैशाला कुलूप आहे आणि ज्याला नाही

अर्थसंकल्प मांडणाऱ्याच्या हाती प्रत्यक्षात किती पैसा मोकळा असतो, हा या प्रकरणातील कळीचा प्रश्न आहे. जून १९७८ मध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या प्रपोझिशन १३ ने (प्रपोझिशन म्हणजे थेट मतदारांच्या मतास टाकलेला प्रस्ताव) मालमत्ता कर मूल्यांकनाच्या एक टक्क्यावर बांधून ठेवला, मूल्यांकनाची वार्षिक वाढ दोन टक्क्यांपुरती मर्यादित केली आणि राज्याचे कर वाढवण्यासाठी विधिमंडळात दोन तृतीयांश बहुमत आवश्यक केले. स्थानिक शाळांचे उत्पन्न आटले आणि त्यांचा भार राज्याच्या तिजोरीवर आला. त्यावरची प्रतिक्रिया म्हणून १९८८ मध्ये प्रपोझिशन ९८ आले. त्याने शाळा आणि समुदाय महाविद्यालये यांच्यासाठी किमान निधीची घटनात्मक हमी दिली, आणि ही हमी ढोबळमानाने सर्वसाधारण निधीच्या ४० टक्क्यांच्या आसपास जाते.

कॅलिफोर्निया विद्यापीठ आणि राज्य विद्यापीठ या दोन्ही व्यवस्था या हमीच्या बाहेर राहिल्या. म्हणजे बारावीपर्यंतची शाळा आणि दोन वर्षांचे महाविद्यालय कुलपाच्या आत, आणि पदवी देणारी विद्यापीठे बाहेर. कर्जफेड टाळता येत नाही. वैद्यकीय मदतीच्या मोठ्या भागावर केंद्राच्या अटी आहेत. तुरुंगात किती माणसे ठेवायची हे अर्थमंत्रालय ठरवत नाही. न्यायालयाने शिक्षा सुनावली की राज्याला माणूस ठेवून घ्यावाच लागतो, त्याला अन्न, निवारा आणि उपचार द्यावेच लागतात. मंदीच्या वर्षी या सर्व खात्यांवरून नजर फिरवल्यावर कपातीसाठी मोठी आणि कायद्याने मोकळी अशी जी खाती उरतात, त्यांत विद्यापीठे अग्रभागी असतात.

त्यातच विद्यापीठाकडे एक अशी गोष्ट आहे जी तुरुंगाकडे नाही. ते आपल्या विद्यार्थ्यांकडून पैसे घेऊ शकते. अनुदान कापले तरी दारे बंद होत नाहीत, शुल्क वाढते, आणि ही सोय असल्यामुळेच प्रत्येक मंदीत कापणाऱ्याचा हात आधी विद्यापीठाकडे वळतो. चांगल्या वर्षांत अनुदान थोडे परत येते, पण वाढलेले शुल्क मूळ पातळीवर उतरत नाही. मला या संपूर्ण यंत्रणेतील सर्वांत अन्यायकारक भाग हा वाटतो, कारण येथे कोणीही उभे राहून असे म्हटले नाही की ‘आम्ही मोफत उच्च शिक्षणाचे वचन मागे घेत आहोत’. प्रत्येक वेळी ती एका वर्षापुरती अडचण होती.

बांधकाम आणि त्याचे कर्ज

तुरुंग बांधण्यासाठी १९८० च्या दशकात आधी मतदारांकडून रोखे मंजूर करून घेण्यात आले. जून १९८२ मधील पहिल्या मोठ्या प्रस्तावाची रक्कम ४९.५ कोटी डॉलर होती. मात्र मतदारांच्या मंजुरीची गरज नसलेले भाडेपट्टा-महसुली रोखेही याच काळात तुरुंगांसाठी वापरात आले. त्यांची युक्ती अशी की एक शासकीय मंडळ इमारत बांधते, तुरुंग खाते ती भाड्याने घेते आणि त्या भाड्यातून रोख्यांची फेड होते. भाडे अर्थातच सर्वसाधारण निधीतून जाते. नोव्हेंबर १९९० मध्ये मतदारांनी तुरुंगांच्या रोख्यांना नकार दिला, तरी बांधकाम थांबले नाही, कारण तोवर नकार ऐकण्याची आवश्यकताच उरली नव्हती.

१९८४ नंतरच्या दोन दशकांत वीसहून अधिक नवे तुरुंग उभे राहिले, त्यांतले अनेक सेंट्रल व्हॅलीच्या शेतीप्रधान आणि रोजगाराला आसुसलेल्या गावांजवळ. २००५ हे वर्ष येथे विशेष लक्षात घ्यावे. त्या वर्षी जूनमध्ये डेलानो येथे केर्न व्हॅली राज्य तुरुंग सुरू झाला आणि सप्टेंबरमध्ये त्याच खोऱ्यात उत्तरेला मर्सेड येथे कॅलिफोर्निया विद्यापीठाचे दहावे संकुल उघडले. विद्यापीठाने याआधीची नवी संकुले १९६५ मध्ये, अर्व्हाइन आणि सांता क्रूझ येथे उघडली होती. मधल्या चाळीस वर्षांत राज्य विद्यापीठाला सॅन मार्कोस, माँटेरे बे आणि चॅनल आयलंड्स ही नवी संकुले मिळाली, हेही प्रामाणिकपणे नोंदवायला हवे. उच्च शिक्षणाची वाढ पूर्ण थांबली होती असे नाही.

१९९४

ऑक्टोबर १९९३ मध्ये पेटालुमा येथील बारा वर्षांच्या पॉली क्लास या मुलीचे तिच्या घरातून अपहरण करून खून करण्यात आला आणि खुनी हा पूर्वी अनेकदा शिक्षा भोगलेला गुन्हेगार निघाला. राज्य हादरून गेले. मार्च १९९४ मध्ये गव्हर्नर पीट विल्सन यांनी ‘तीन गुन्हे’ कायद्यावर सही केली आणि नोव्हेंबरमध्ये सुमारे ७२ टक्के मतदारांनी तोच कायदा प्रपोझिशन १८४ म्हणून पक्का केला. पूर्वी दोन गंभीर किंवा हिंसक गुन्हे नोंदलेल्या व्यक्तीला तिसऱ्या फेलनीसाठी (म्हणजे किरकोळ नव्हे, अशा वरच्या श्रेणीच्या गुन्ह्यासाठी) किमान २५ वर्षे ते जन्मठेप, आणि ही तिसरी फेलनी हिंसक असण्याची गरज नाही, असा त्याचा आशय होता.

त्या मतदारांना मी भित्रे किंवा सूडबुद्धीचे म्हणणार नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस आणि नव्वदच्या सुरुवातीला हिंसा खरोखरच वाढली होती आणि तिची झळ गरीब वस्त्यांना सर्वाधिक लागत होती. हिंसक माणसाला समाजापासून दूर ठेवण्याने काही बळी वाचतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण राज्यातील हिंसक गुन्ह्यांचे प्रमाण १९९२ मध्ये शिखर गाठून उतरू लागले होते, आणि कायदा त्यानंतर आला. शिवाय त्याच्या जाळ्यात कोण सापडले तेही पाहावे. तीन गोल्फच्या काठ्या चोरणाऱ्या एका माणसाला या कायद्याखाली २५ वर्षे ते जन्मठेप झाली, आणि २००३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा पाच विरुद्ध चार मतांनी कायम ठेवली. काठ्यांची किंमत प्रत्येकी ३९९ डॉलर होती. २००८-०९ मध्ये एका कैद्यामागे राज्याला वर्षाला सरासरी सुमारे ४७,००० डॉलर खर्च येत होता. त्या दराने पंचवीस वर्षांचे पावणेबारा लाख डॉलर होतात. हा हिशेब सरासरीचा आहे, त्यामुळे काटेकोर मानू नये. मात्र १९९४ च्या मतदानात मतदारांनी शिक्षेवर मत देताना एका दीर्घ मुदतीच्या खर्चावरही सही केली होती, आणि त्या खर्चाची पुढे कोणत्याही अर्थसंकल्पात नव्याने मंजुरी लागणार नव्हती.

बिल येते तेव्हा

२००६ च्या ऑक्टोबरमध्ये श्वार्झनेगर यांनी तुरुंगांतील गर्दीमुळे आणीबाणी जाहीर केली. व्यायामशाळांमध्ये तीन मजली खाटा लावल्या गेल्या होत्या. वैद्यकीय सेवा इतकी कोलमडली होती की ती केंद्रीय न्यायालयाने नेमलेल्या रिसीव्हरच्या, म्हणजे कारभार हाती घेणाऱ्या प्रशासकाच्या, ताब्यात द्यावी लागली. २३ मे २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती अँथनी केनेडी यांच्या निकालपत्राद्वारे, पुन्हा पाच विरुद्ध चार मतांनी, गर्दी कमी करण्याचा आदेश कायम केला. सुमारे ८०,००० कैद्यांसाठी बांधलेल्या तुरुंगांत त्या वेळी जवळपास दुप्पट माणसे होती आणि ही संख्या मूळ क्षमतेच्या १३७.५ टक्क्यांपर्यंत उतरवायची होती. निकालपत्रात नोंद आहे की काही ठिकाणी ५४ कैद्यांना मिळून एकच शौचालय होते.

विद्यापीठांत त्याच काळात काय चालले होते? १९ नोव्हेंबर २००९ रोजी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रीजंट मंडळाने, म्हणजे नियामक मंडळाने, ३२ टक्के शुल्कवाढ मंजूर केली, तेव्हा लॉस एंजेलिसच्या संकुलात बाहेर विद्यार्थी निदर्शने करीत होते. वार्षिक शुल्क प्रथमच १०,००० डॉलरच्या पुढे गेले. प्राध्यापक आणि कर्मचाऱ्यांना बिनपगारी सक्तीची रजा घ्यावी लागली. २०११-१२ मध्ये दोन्ही विद्यापीठ-व्यवस्थांचे अनुदान प्रत्येकी ६५ कोटी डॉलरने आणि वर्ष संपण्याआधी आणखी १० कोटींनी कापले गेले, आणि शुल्क १२,१९२ डॉलरवर पोहोचले. आर्थिक मदतीमुळे राज्यातील निम्म्याहून अधिक पदवी विद्यार्थ्यांना हे शुल्क स्वतः भरावे लागत नाही, ही बाब टीकाकार पुष्कळदा विसरतात. भार पडला तो मदतीच्या मर्यादेच्या जरा वर असलेल्या मध्यम उत्पन्नाच्या घरांवर. परराज्यांतून जादा शुल्क भरून येणाऱ्यांना प्रवेश वाढले, इतके की २०१७ मध्ये मंडळाला त्यावर मर्यादा घालावी लागली.

आता २०१० च्या घटनादुरुस्तीचे मूल्यमापन करता येते. तीत तुरुंगांच्या खर्चाला ७ टक्क्यांचे छप्पर होते, पण शिक्षेच्या एकाही मुदतीला हात लावलेला नव्हता. बचत मुख्यतः खासगी कंपन्यांकडे तुरुंग सोपवून व्हावी अशी अपेक्षा होती. कैद्यांची संख्या तीच, न्यायालयाचे आदेश तेच, आणि पैसे मात्र कमी, हे गणित जुळणारे नव्हते. विधिमंडळाच्या स्वतंत्र अर्थसंकल्प-विश्लेषक कार्यालयाने ही दुरुस्ती फेटाळण्याची शिफारस केली, कारण राज्याच्या बदलत्या गरजांनुसार पैसा वळवण्याची मुभा तिने आणखी आक्रसली असती. मला ही शिफारस योग्य वाटते. आधीच कुलपे जास्त झाल्याने विद्यापीठे उघड्यावर पडली होती, आणि गव्हर्नर आणखी एक कुलूप आणत होते.

वाचलेला पैसा कुठे गेला

कैद्यांची संख्या खरोखर कमी झाली ती अन्य मार्गाने. जेरी ब्राउन २०११ मध्ये पुन्हा गव्हर्नर झाले होते, आणि त्यांनी एप्रिलमध्ये सही केलेल्या कायद्यानुसार १ ऑक्टोबर २०११ पासून गंभीर, हिंसक किंवा लैंगिक स्वरूपाचे नसलेले गुन्हे करणाऱ्यांना राज्याच्या तुरुंगाऐवजी कौंटीच्या, म्हणजे जिल्हा पातळीवरील स्थानिक प्रशासनाच्या, ताब्यात ठेवले जाऊ लागले. नोव्हेंबर २०१२ मध्ये मतदारांनी ‘तीन गुन्हे’ कायद्याची धार कमी केली. २०१४ च्या प्रपोझिशन ४७ ने अमली पदार्थ जवळ बाळगणे आणि ९५० डॉलरपर्यंतची चोरी हे किरकोळ गुन्हे ठरवले, आणि २०१६ च्या प्रपोझिशन ५७ ने पॅरोलचा मार्ग रुंद केला. चाळीस वर्षांपूर्वी बंद झालेली झडप थोडी उघडली, आणि ती उघडण्यात ती बंद करणाऱ्या सहीचाच हात होता. २०२३ पर्यंत कैद्यांची संख्या ९५,००० च्या आसपास आली.

तरीही त्या वर्षी तुरुंग खात्याचा खर्च १४ अब्ज डॉलरच्या घरात होता आणि एका कैद्यामागचा वार्षिक खर्च सुमारे १,३३,००० डॉलरवर गेला होता. अर्थसंकल्पाचा अभ्यास करणाऱ्याने येथे थांबून विचार करावा. एक कैदी कमी झाला की वाचतात त्याचे अन्न, कपडे आणि औषधपाणी. भिंती, पहारे, पाळ्या आणि निवृत्तिवेतने तशीच राहतात. दीर्घ शिक्षांमुळे वृद्ध झालेल्या कैद्यांचे आजार महागडे असतात, आणि न्यायालयाने सुधारायला लावलेली वैद्यकीय सेवा स्वस्त नव्हती, नसायलाही हवी. मोठी बचत होते ती संपूर्ण तुरुंग बंद केल्यावरच, आणि कैद्यांची संख्या उतरू लागल्यानंतरचा पहिला राज्य तुरुंग, ट्रेसी येथील ड्यूएल, बंद व्हायला २०२१ उजाडले. त्यातून वर्षाला सुमारे १५ कोटी डॉलर वाचतील असा अंदाज होता. सुझनव्हिल येथील तुरुंग बंद होणार हे कळल्यावर तेथील नगराने न्यायालयात धाव घेतली, कारण ती गावाची उपजीविका होती.

जे वाचले, त्याचेही मार्ग ठरलेले होते. २०११ च्या फेरबदलात विक्रीकराचा एक हिस्सा कौंट्यांकडे वळवला गेला आणि पुढच्या वर्षी प्रपोझिशन ३० ने तो घटनेने सुरक्षित केला. म्हणजे तुरुंगांचा वाटा कागदावर घटला त्याचा एक भाग केवळ दुसऱ्या वहीत गेला. प्रपोझिशन ४७ ची बचत मजकुरातच वाटून दिलेली आहे: ६५ टक्के मानसिक आरोग्य व व्यसनमुक्ती, २५ टक्के शाळागळती रोखणे, १० टक्के गुन्ह्याचे बळी. हे तिन्ही हेतू चांगले आहेत, पण विद्यापीठ त्यांत नाही. विद्यापीठांना २०१२ नंतर जो दिलासा मिळाला आणि काही वर्षे शुल्क गोठले, तो प्रपोझिशन ३० च्या तात्पुरत्या करवाढीमुळे.

दोन्ही खाती जिथे खरोखर एकत्र येतात असे एक ठिकाण आहे, आणि त्याविषयी मला विशेष आस्था वाटते. २०१४ च्या एका कायद्याने समुदाय महाविद्यालयांना तुरुंगात प्रत्यक्ष वर्ग घेण्यासाठी निधी मिळू लागला आणि आज राज्यातील बहुतेक तुरुंगांत असे वर्ग चालतात. लँकेस्टर येथील तुरुंगात लॉस एंजेलिसच्या राज्य विद्यापीठाने पदवीचा अभ्यासक्रम सुरू केला. १९९४ मध्ये कैद्यांसाठी बंद केलेली केंद्राची पेल शिष्यवृत्ती (कमी उत्पन्नाच्या विद्यार्थ्यांसाठीची) जुलै २०२३ मध्ये पुन्हा खुली झाली. २०१३ मध्ये रँड या संशोधन संस्थेने अनेक अभ्यास एकत्र तपासून काढलेला निष्कर्ष असा होता की तुरुंगात शिक्षण घेतलेल्यांची पुन्हा गुन्ह्याकडे वळण्याच्या शक्यतेचे गुणोत्तर (वळणारे आणि न वळणारे यांचे प्रमाण) ४३ टक्क्यांनी कमी होते, आणि खर्चलेल्या प्रत्येक डॉलरमागे पुनःकारावासाचे चार ते पाच डॉलर वाचत होते. अशा वर्गात स्वतःहून येणारा कैदी मुळातच अधिक निश्चयी असू शकतो, हे गृहीत धरूनही हा आकडा मोठा आहे.

नोव्हेंबर २०२४ मध्ये सुमारे ६८ टक्के मतदारांनी प्रपोझिशन ३६ मंजूर करून प्रपोझिशन ४७ चा काही भाग मागे घेतला. पूर्वी दोनदा दोषी ठरलेल्याची लहान चोरी आता पुन्हा फेलनी ठरू शकते. प्रस्तावात अंमलबजावणीसाठी स्वतंत्र निधी नव्हता. दोनच महिन्यांनी, जानेवारी २०२५ च्या अर्थसंकल्पी प्रस्तावात, दोन्ही विद्यापीठ-व्यवस्थांच्या अनुदानात जवळपास ८ टक्के कपात सुचवण्यात आली. जूनमध्ये ती ३ टक्क्यांवर आणून तेवढी रक्कम पुढील वर्षी देण्याचे ठरले. ही कपात प्रपोझिशन ३६ मुळे नव्हती, ती आधीपासून चाललेल्या तुटीमुळे होती. प्रपोझिशन ३६ खाली शिक्षा झालेल्यांचा खर्च पुढच्या अर्थसंकल्पांत येत राहील, आणि तेव्हाही विद्यापीठांना घटनेतील कुठल्याच हमीचा आधार नसेल.